आमदार पडत नाही, असं कोणी सांगितलं?

*उत्तर गोव्यातल्या एका गावचे पस्तिशीतले पंच, म्हणजे ग्रामपंचायत सदस्य, लिहितात. त्यांच्या मतदारसंघात एकच आमदार लागोपाठ तीनदा निवडून आले आहेत. मध्ये पक्ष बदलला, तरी आले. यंदा मित्रमंडळी पंचांना अपक्ष उभं राहायचा आग्रह करत आहेत. त्यांचीही इच्छा आहे, पण पाय निघत नाही. आईला गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, खाट मिळत नव्हती तेव्हा आमदारांनी मध्यरात्री फोन केला होता. धाकट्या भावाची सरकारी नोकरीही "त्यांच्यामुळेच" झाली, असं घरात मानलं जातं. आई म्हणते, खाल्ल्या मिठाला जाग. पत्नी विचारते, पैसे कुठून आणणार? आणि पंचांचं स्वतःचं मत असं की लोक हजार-दोन हजारांना विकले जातात, बसलेला आमदार काही पडत नाही, मग डोकं आपटून उपयोग काय? उभं राहावं, दुसऱ्या कुणाच्या मागे राहावं, की गप्प बसावं, असा त्यांचा प्रश्न आहे. नाव, गाव आणि मतदारसंघ त्यांच्या विनंतीवरून देत नाही.*

नमस्कार पंच,

तुमच्या पत्रात प्रश्न एक आहे आणि गृहीतकं तीन. आमदार पडत नाही, लोक विकले जातात आणि तुमचं घर आमदारांचं देणं लागतं. तुम्ही अडलाय ते तिसऱ्यापाशी, हे पत्र वाचताना कळतंच. तरी पहिल्यापासून सुरुवात करते, कारण तेच आधी तपासून घेतलेलं बरं.

गोव्यात आमदार पडतात, चांगले दणकून पडतात. २०१७ साली लक्ष्मीकांत पार्सेकर मुख्यमंत्री असताना मांद्रेत पडले. २०१२ साली आलेमाव घराण्यातले चौघं चार मतदारसंघांतून उभे होते, त्यांतले दोघं मंत्री, चौघंही पडले. २०२२ साली बाबू कवळेकर उपमुख्यमंत्री असताना केप्यात हरले. दुसरे उपमुख्यमंत्री बाबू आजगावकर पेडणे सोडून मडगावला गेले आणि तिथे हरले. त्याच निवडणुकीत मुख्यमंत्री प्रमोद सावंत साखळीत निवडून आले, पण फरक ६६६ मतांचा. आणि जुलै २०१९ मध्ये काँग्रेसमधून भाजपमध्ये घाऊक गेलेल्या त्या दहा आमदारांचं काय झालं, आठवतंय? पुढच्या निवडणुकीत त्यांतले तीनच परत आले: बाबूश मोन्सेरात, जेनिफर मोन्सेरात आणि नीळकंठ हळर्णकर. बाकीचे सात घरी बसले.

मग तुम्हाला "पडतच नाही" असं का वाटतं? पडलेला माणूस पुढच्या गणेश चवथीला दारात येत नाही, म्हणून तो आठवत नाही. डोळ्यांसमोर राहतात ते टिकलेले. प्रतापसिंह राणे १९७२ पासून २०२२ पर्यंत, पन्नास वर्षं, एकदाही न हरता. दिगंबर कामत १९९४ पासून मडगावात, भाजप, काँग्रेस, पुन्हा भाजप असा प्रवास करून. सुदिन ढवळीकर १९९९ पासून मडकईत. ही नावं ऐकून आपण नियम बांधतो.

अमेरिकेचं उदाहरणही लोक देतात. तिथल्या प्रतिनिधिगृहात पुन्हा उभे राहिलेल्यांपैकी बहुतेक वेळा ९० टक्क्यांहून अधिक निवडून येतात, हे खरं आहे. पण तिथे बऱ्याच राज्यांत मतदारसंघांच्या सीमा राज्याचं विधिमंडळच आखतं, देणगीदार बसलेल्याच्याच मागे उभे राहतात, आणि पडायची धास्ती असलेले आधीच निवृत्ती जाहीर करतात, म्हणजे ते त्या टक्केवारीत धरलेच जात नाहीत. आपल्याकडे सीमा परिसीमन आयोग आखतो. भारतातल्या राज्य विधानसभांचा अभ्यास करणाऱ्या काही संशोधकांना तर उलटंच आढळलं: थोडक्यात जिंकलेल्या आमदाराला पुढच्या वेळी आमदारकीचा फायदा होण्याऐवजी तोटाच होतो. रस्ता झाला नाही, नळाला पाणी आलं नाही, पोराला नोकरी लागली नाही, सगळ्याचा राग त्याच्याच नावावर जमा होतो.

तरी तुमचे आमदार तीनदा आले, हेही खोटं नाही. का आले, ते बघू.

काही वर्षांपूर्वी मी एका आमदाराच्या अंगणात सकाळभर बसले होते. नाव सांगत नाही, पक्ष कुठलाही धरा. पत्र्याच्या शेडखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या मांडीवर कागदांचं फोल्डर. कुणाला पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला हवा, कुणाच्या वाड्यावरचा ट्रान्स्फॉर्मर जळलेला, कुणाच्या मुलीचं गृह आधार, म्हणजे गृहिणींना मिळणारं सरकारी साहाय्य, अडकलेलं. एका म्हातारीचे डीएसएसचे, म्हणजे दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे, पैसे तीन महिने आले नव्हते. पीएने तिचं पासबुक बघितलं, हयातीचा दाखला दिलाय का विचारलं. नव्हता दिला. त्याने तिथल्या तिथे खात्यात फोन लावला, स्पीकरवर टाकला, पलीकडच्याने सांगितलं ते तिला समजावलं: "आजी, बुधवारी बँकेत जा, हा कागद न्या, पुढचं मी बघतो." झालं. दोन मिनिटं लागली असतील. मग त्याने वहीत लिहून घेतलं: आजीचं नाव, वाडा, घरात मतं किती, फोन नंबर कुणाचा. आमदार अजून आत चहा पीत होते.

ते काम पंचायत सचिव करू शकला असता, बँकेतला कारकून करू शकला असता, खरं तर तुम्हीही करू शकला असता. डीएसएसचे पैसे सरकारी तिजोरीतले आहेत, ते आमदाराने दिले नाहीत आणि थांबवलेही नव्हते. तरी आजीच्या लेखी काम आमदाराने केलं, आणि त्यात तिची चूक मला दिसत नाही. तीन महिने तिचं कुणी ऐकलं नाही, इथे ऐकलं.

आता त्या वहीचा विचार करा. पाच वर्षं, आठवड्याचे दोन-तीन दिवस, रोज तीस-चाळीस माणसं. गोव्याचा मतदारसंघ केवढा? २०२२ साली राज्यात साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार आणि चाळीस जागा, म्हणजे एका जागेला सरासरी २८-२९ हजार. महाराष्ट्रात एका आमदाराच्या वाट्याला तीन लाखांवर मतदार येतात, तिथला आमदार जन्मभर बसला तरी अशी वही पुरी होणार नाही. आपल्याकडे एका कारकिर्दीत होते. जवळपास प्रत्येक घर कधी ना कधी त्या अंगणात येऊन जातं, नाहीतर आमदार त्या घरात जातो: मयताला, मुंजीला, जत्रेला, फेस्ताला, चवथीच्या माटोळीखाली.

आणि विरोधी उमेदवार कधी उगवतो? निवडणुकीआधी चार महिने. बॅनर लावतो, क्रिकेटच्या स्पर्धेला ट्रॉफी देतो, भजनी मंडळाला पखवाज देतो, "परिवर्तन" म्हणतो, पडतो आणि पुढची साडेचार वर्षं आपल्या धंद्याला लागतो. लोकांनी अशा माणसावर का विश्वास ठेवावा, हे मला तुम्ही सांगा.

दुसरं कारण सत्तेजवळ असण्याचं. घटनेच्या ९१ व्या दुरुस्तीनंतर लहान राज्यांतही बारापर्यंत मंत्री करता येतात. चाळीसांत बारा! त्यावर महामंडळांची अध्यक्षपदं. म्हणजे सत्ताधारी बाजूच्या बहुतेक आमदारांच्या हाती काही ना काही असतं, आणि विरोधी बाकावरच्याचा रस्त्याच्या हॉटमिक्स डांबरीकरणाचा प्रस्तावही फायलीत वाळत पडतो. मतदाराला हे नीट कळतं. पोटनिवडणुका बघा: पक्षासकट आमदारकी सोडून पुन्हा लोकांपुढे गेलेले वाळपईत विश्वजित राणे २०१७ मध्ये जिंकले, शिरोड्यात सुभाष शिरोडकर आणि मांद्रेत दयानंद सोपटे २०१९ मध्ये जिंकले. सरकार तर बदलणार नाही, मग आपला माणूस सरकारात असलेला बरा, असा तो हिशेब. तेच सोपटे २०२२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या (मगो) जीत आरोलकरांकडून हरले, कारण तेव्हा लोकांना हिशेब नव्याने मांडता येत होता.

तर "लोक विकले जातात" हे तुमचं वाक्य मला खटकलं, आणि ज्यांच्याकडे मत मागायला जायचं त्यांच्याबद्दलचं असल्यामुळे अधिक खटकलं. पैसे वाटले जातात हे मी नाकारत नाही. पण बहुतेक ठिकाणी ते एकाहून अधिक बाजूंनी येतात, आणि चारांकडून घेणारा मत एकालाच देतो. कोणाला, ते कशावरून ठरवतो? बऱ्याचदा त्या वहीवरून.

आणखी एक गोष्ट. तुमच्या आमदारांना तीनदा अर्ध्याहून अधिक मतं मिळाली होती का, हे पाहिलंत? २०२२ ला राज्यात ३०१ उमेदवार होते. भाजपला मतं सुमारे ३३ टक्के आणि जागा चाळीसपैकी वीस. फोंड्यात रवी नाईक ७७ मतांनी आले. सांतआंद्रेत रिव्होल्युशनरी गोवन्स पक्षाचे वीरेश बोरकर विद्यमान आमदाराला पाडून ७६ मतांनी आले. पणजीत बाबूश मोन्सेरात आणि अपक्ष उत्पल पर्रीकर यांच्यात ७१६ मतांचं अंतर. जिथे पाच-सहा जण रिंगणात असतात तिथे सात-आठ हजार मतांवर आमदार होता येतं. बाकीच्या बहुसंख्य मतदारांनी त्याला नाकारलेलंच असतं; ते विखुरले गेले, एवढंच. आता तुम्ही अपक्ष उभे राहिलात तर त्या तुकड्यांत आणखी एक. म्हणून "उभा राहू का" याच्या आधी "मी उभा राहिलो तर मतं कुणाची जातील" हे विचारा. तुमची मतं आमदाराच्या वहीतून येणार असतील तर गोष्ट वेगळी. ती दुसऱ्या विरोधकाची असतील, तर निकालाच्या दिवशी तुमचे आभार आमदारच मानतील. काही ठिकाणी अपक्ष उभे केले जातात तेही याचसाठी, हे तुमच्यासारख्या पंचाला मी वेगळं सांगायला नको. आग्रह करणाऱ्या मित्रांत कोण कोण आहे, तेही एकदा शांतपणे बघून घ्या.

आता आईचं म्हणणं.

गोमेकॉतली खाट सरकारची, डॉक्टर सरकारचे, आणि त्या खाटेवर तुमच्या आईचा हक्क होता. हे सगळं खरं असलं तरी आईला सांगू नका, कारण ज्या रात्री तुम्ही बांबोळीच्या कॅज्युअल्टीबाहेर उभे होता तेव्हा हक्काने फोन उचलला नव्हता, आमदाराने उचलला होता. त्याचं मोल त्या माउलीला जे वाटतं ते वाटू द्या. कृतज्ञता ठेवा. पुढच्या वेळी भेटतील तेव्हा हात जोडा, त्यांच्या घरी कार्य असेल तर राबायला जा, त्यांच्यावर चिखलफेक करू नका आणि कुणी तुमच्या व्यासपीठावरून केली तर तिथल्या तिथे थांबवा. त्या फोनची परतफेड म्हणून मात्र मतदारसंघातल्या २८ हजार लोकांपुढचा एक पर्याय तुम्ही काढून घ्यावा, हे मला पटत नाही. उपकार तुमच्या घरावर झाला होता. शेजारच्या वाड्याने तो का फेडावा?

भावाचं जरा अवघड आहे. नोकरी कशी लागली ते तुम्ही लिहिलं नाही आणि मी विचारत नाही. गोव्यात अशी घरं हजारोंनी आहेत जिथे एक सरकारी नोकरी म्हणजे सगळ्या घराची बांधलेली जीभ. नोकऱ्यांसाठी पैसे घेतल्याची प्रकरणं २०२४ मध्ये पोलिसांपर्यंत गेली, कर्मचारी निवड आयोगामार्फत परीक्षा होऊ लागल्या, तरी "त्यांच्यामुळे" हा शब्द घराघरांतून जायला वेळ लागेल. तुमच्या भावाची नोकरी कायम असेल तर ती कुणी सहजासहजी काढून घेऊ शकत नाही. बदली मात्र होऊ शकते, पेडण्याहून काणकोणला, राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. तेव्हा निर्णय तुमचा असला तरी किंमत त्याला पडू शकते, आणि हे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय तुम्ही अर्ज भरू नये. तो हो म्हणाला तरी प्रचारापासून त्याला शंभर टक्के लांब ठेवा. सरकारी कर्मचाऱ्याने प्रचारात भाग घेणं सेवानियमांत बसत नाही. मोटारसायकलवर तुमचा झेंडा लावलेला एक फोटो कुणालाही पुरेल.

पत्नीचा प्रश्न सगळ्यांत व्यवहारी आहे, म्हणून त्याला थेट उत्तर. अनामत दहा हजार. एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत तर ती जाते. गोव्यात विधानसभेच्या उमेदवाराला २०२२ मध्ये खर्चाची मर्यादा २८ लाख होती. प्रत्यक्षात कोण किती उडवतं ते गावात सगळ्यांना ठाऊक असतं. तुम्ही घर किंवा पत्नीचे दागिने गहाण टाकून उतरणार असाल तर उतरू नका, असं मी सरळ सांगेन. कर्ज काढून आमदार झालेला माणूस पहिल्या वर्षापासून काय करतो, ते आपण बघत आलोय.

मग करायचं काय? तुमच्यासारखी आणखी पत्रं माझ्याकडे येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मागच्या दोन निवडणुकांचा फॉर्म २० मिळवा. मतदानकेंद्रनिहाय कुणाला किती मतं, याचा तो तक्ता. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर असतो. मतदारसंघात साधारण चाळीसेक केंद्रं असतील. एका रविवारी तो कागद पसरून बसा. आमदार कुठल्या केंद्रांवर मागे होते, पाच वर्षांत कुठे घसरले, तुमच्या स्वतःच्या प्रभागातल्या केंद्रावर त्यांना किती मिळाली? शेवटचा आकडा जास्त असेल तर आधी आपल्याच वाड्यावर जाऊन विचारा, का म्हणून. त्या एका दुपारी तुम्हाला मित्रांच्या दोन महिन्यांच्या गप्पांपेक्षा जास्त कळेल.

दुसरं, विधानसभेत तुमच्या आमदारांनी काय विचारलं ते बघा. एलएक्यूंची, म्हणजे आमदारांच्या विधानसभेतल्या प्रश्नांची, उत्तरं विधानसभेच्या संकेतस्थळावर मिळतात. अंगणातल्या कामाचा हिशेब लोकांपाशी आहे, पर्वरीतल्या विधानसभेतल्या कामाचा कुणापाशीच नाही. कोमुनिदादीच्या, म्हणजे गावच्या सामाईक मालकीच्या, जमिनी, शेतं बुजवणं, टँकरचं पाणी, यांवर ते बोलले की नाही, हे ग्रामसभेत कागद हातात घेऊन सांगणारा पंच लोक लक्षात ठेवतात. ग्रामसभा वर्षातून निदान चार होतात. तिथे भांडण न करता फक्त वाचून दाखवा.

तिसरं, बाकीच्या इच्छुकांशी आत्ताच बोला. २०२७ ची निवडणूक तोंडावर आली की प्रत्येक जण बॅनर छापून बसलेला असतो, मग माघार कुणीच घेत नाही. फॉर्म २० चे आकडे समोर ठेवून, कोणाच्या मागे बाकीच्यांनी राहायचं हे ठरवता आलं, तर तुम्ही उमेदवार नसलात तरी तुमचं काम मोठं. हे सहसा जमत नाही. अहंकार आडवे येतात, पक्षांची तिकिटं शेवटच्या रात्री फिरतात. तरी तुम्ही पंच आहात आणि आमदारकीचे उघड दावेदार नाही, म्हणून चार जणांना एका टेबलावर बोलावणं तुम्हाला तुलनेने सोपं जाईल.

माझं मत विचाराल, तर यावेळी स्वतः उभे राहू नका. तुमच्याकडे ती वही नाही. पंच म्हणून एका प्रभागाची असेल, चाळीस केंद्रांची नाही. पत्रातही तुम्ही लोकांसाठी काय केलं याबद्दल एक ओळ नव्हती, आमदारांबद्दल बऱ्याच होत्या. ही तक्रार नाही, पण मतदारही तेच विचारणार आहे. वर सांगितल्याप्रमाणे एखाद्या बऱ्या उमेदवाराच्या मागे उघड उभे राहा, आणि त्यानंतरची पाच वर्षं, निकाल काहीही लागो, आठवड्यातून एक सकाळ तुमच्या पडवीत खुर्च्या मांडा. डीएसएसचा कागद, रहिवासी दाखला, मामलेदाराकडची फाइल: यांतल्या बऱ्याच कामांना आमदाराचा फोन लागतच नाही, नियम माहीत असलेला आणि सोबत येणारा माणूस लागतो. असा माणूस झालात तर पुढच्या खेपेला मित्रांना आग्रह करावा लागणार नाही. तो झाला नाहीत, तरी काही आज्यांचे पैसे वेळेवर सुरू होतील.

गप्प बसायचं ठरवलंत तर तेही मी समजू शकते. भावाने नको म्हटलं तर तो मार्ग योग्यच. फक्त मग "लोक विकले जातात" असं म्हणत फिरू नका.

आणि काहीही ठरवा, आमदारांना ते तुमच्याच तोंडून कळू द्या. पीए किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवरून नको. एक दिवस सकाळी जा, आईसाठी केलेल्या फोनचे आभार माना आणि सांगा की यावेळी मी दुसऱ्याबरोबर आहे. ते चिडतील किंवा हसतील, नाहीतर भावाचं नाव काढतील. तिसरं झालं तर कोणत्या शब्दांत काढलं ते घरी येऊन आईला जसंच्या तसं सांगा.